यंत्रमानवाचा देह : पवई परिसरातील तीन आकृती

मराठीत ‘रोबो’ या परकी शब्दासाठी ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द रूढ झाला, तेव्हाच त्या यंत्राच्या आकाराविषयीचा एक निर्णय भाषेने नकळत घेऊन टाकला. मूळ शब्दात आकाराचा निर्देश नाही. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकासाठी हा शब्द त्याचा बंधू योसेफ याने सुचविला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, सक्तीचे श्रम. चापेकच्या नाटकातील रोबो माणसासारखे दिसतात हे खरे, परंतु त्यांचे नाव त्यांच्या रूपावरून नव्हे, तर त्यांच्या कामावरून पडले आहे. वेठबिगार महाराष्ट्राला अपरिचित होती असे नव्हे; तथापि ‘यंत्रवेठ्या’ असा शब्द कोणी घडविला नाही. मराठीने श्रमाचा संबंध बाजूस ठेवला आणि आकृती तेवढी उचलली. याचा परिणाम असा की, ज्यास डोके, धड व हातपाय नाहीत अशा यंत्रास यंत्रमानव म्हणताना मराठी वाचक आजही किंचित अडखळतो; आणि ज्यास ते आहेत अशा यंत्राकडून माणसाच्या सर्व व्यवहारांची अपेक्षा करू लागतो.

ही अडचण केवळ शाब्दिक नाही. माणसाशी समोरासमोर बोलणारे यंत्र घडवावयाचे, तर त्यास देह कोणता द्यावा, हा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या उपनगरांत प्रत्यक्ष व्यवहाराचा झाला. पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या अवतीभवती, २०१७ ते २०२१ या अल्प काळात, त्याची तीन निरनिराळी उत्तरे लोकांसमोर आली : परदेशातून आलेली व साडी नेसविलेली सोफिया, एका शिक्षकाने टाकाऊ साहित्यातून घडविलेली शालू, आणि संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी मुलांसाठी बनविलेला, हात नसलेला मिको. या तिहींचा एकत्रित विचार सहसा केला जात नाही. एक करमणुकीच्या सदरात जाते, दुसरी कौतुकाच्या, तिसरा व्यापाराच्या. वस्तुतः तिघांनाही एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागले. यंत्राचा देह हे पाहणाऱ्याला दिलेले आश्वासन असते : डोळा दिसला की ते पाहते असे वाटते, कान दिसला की ऐकते, हात दिसला की देते-घेते. यांपैकी किती आश्वासने द्यावयाची, आणि न पाळता येणारी कोणती आवरावयाची, हाच देहरचनेचा मुख्य प्रश्न होय.

हा प्रश्न याच भागात का उद्भवावा, यास काही स्थानिक कारणे आहेत. पवई येथील संस्था १९५८ साली सुरू झाली. तेथील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले. अंधेरीच्या बाजूस इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी ‘सीप्झ’ हे क्षेत्र १९७३ मध्ये आले. पूर्वेस विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड हा लालबहादूर शास्त्री मार्गालगतचा पट्टा अनेक दशके कारखान्यांचा होता. कारखान्यात जे रोबो आले त्यांस मात्र देहाचा प्रश्न पडला नाही. जोडकाम करणारी किंवा रंग फवारणारी यंत्रभुजा कुंपणाआड उभी असते. तिच्याजवळ कोणी जाऊ नये हीच तिची अट. तिला चेहरा दिला असता तर कामगारांनी त्याची थट्टाच केली असती. उलट, उपनगरी रेल्वेच्या डब्यात पुढील स्थानकाचे नाव सांगणारा आवाज रोज लाखो लोक ऐकतात, आणि त्या आवाजाला देह नसल्याचे कोणासही खटकत नाही. कारण त्या आवाजाला कोणी प्रश्न विचारीत नाही. प्रश्न निर्माण होतो तो यंत्र समोर उभे राहून उत्तर देऊ लागले म्हणजे.

या प्रश्नास पूर्वेतिहास आहे, आणि तो समजतो त्यापेक्षा जुना आहे. अकराव्या शतकातील माळव्याचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुशास्त्रीय ग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रविधानाचा आहे. डॉ. वे. राघवन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्राचीन भारतीय यंत्रांविषयी जे संशोधन केले, त्यात या अध्यायाचे महत्त्व विशेष स्पष्ट झाले. त्यात लाकडी अवयव सांध्यांनी जोडून केलेल्या स्त्रीपुरुषांच्या प्रतिमा आहेत. दिव्यात तेल घालणारी बाहुली आहे. तालावर नाचणाऱ्या आकृती आहेत. दारात शस्त्र घेऊन आगंतुकाची वाट अडविणारा द्वारपाल आहे. रचनेचे तपशील ग्रंथकाराने दिलेले नाहीत, आणि ते अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी दिलेले नाहीत असे त्याने बजाविले आहे. ही यंत्रे खरोखर बांधली गेली होती काय, हा वाद येथे बाजूस ठेवता येईल. महत्त्वाचे हे की, यांतील प्रत्येक देहाला नेमके एक काम आहे, आणि देहाची घडण त्या कामापलीकडचे काही सुचवीत नाही. द्वारपाल वाट अडवितो. तो कोणाशी गप्पा मारीत नाही.

गप्पा मारणारा देह महाराष्ट्राला मिळाला तो विसाव्या शतकात, आणि तो यंत्रशाळेतून नव्हे तर रंगमंचावरून. यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रमाच्या प्रयोगांसाठी ‘अर्धवटराव’ ही बोलकी बाहुली उभी केली. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी ती परंपरा पुढे चालविली आणि दूरदर्शनच्या काळात अर्धवटराव व आवडाबाई हे जोडपे घरोघरी पोहोचले. रामदास पाध्ये हे शिक्षणाने यांत्रिकी अभियंते, ही गोष्ट या संदर्भात किरकोळ मानता येणार नाही. ओठ, डोळे आणि मान एवढ्या मोजक्या हालचालींतून स्वभाव उभा करावयाचा, तर कोणती हालचाल ठेवावी आणि कोणती गाळावी याचा निर्णय आधी करावा लागतो. संवादी यंत्राच्या रचनाकाराचे काम याहून फारसे वेगळे नाही.

अर्धवटरावाच्या रचनेत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे त्याचे नाव. ‘अर्धवट’ म्हणजे अपुरा, आणि बोलीत थोडा कमी अकलेचाही. त्याला ‘राव’ हा मानाचा प्रत्यय जोडला आहे. पाहुण्याने आपला परिचय ‘मी पुरता नाही’ अशा शब्दांत करून दिल्यावर त्याच्या चुका कोणी मोजीत बसत नाही. उलट त्याच्या तोंडून एखादे शहाणपणाचे वाक्य निघाले की सभागृह दाद देते. दुसरी गोष्ट, तो स्वतःच्या पायांवर उभा नसतो. त्याला बसविण्यासाठी माणूस लागतो आणि तो माणूस सर्वांना दिसतो. तिसरी, प्रयोगाच्या प्रकारालाच मराठीत ‘शब्दभ्रम’ म्हणतात. म्हणजे भ्रम आहे हे जाहिरातीतच कबूल केलेले असते. बोलविता धनी कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असूनही तो बाहुलीच्या तोंडाकडे पाहतो, शब्दभ्रमकाराच्या तोंडाकडे नव्हे. फसवणूक येथे कोणाचीच होत नाही. आनंद मात्र सर्वांना होतो.

या कराराची दुसरी बाजू ‘झपाटलेला’ या १९९३ च्या चित्रपटात दिसते. त्यातील तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्ये यांनीच घडविलेली. एका गुन्हेगाराचा आत्मा बाहुलीत शिरतो आणि बाहुली आपली आपण चालू-बोलू लागते, एवढेच कथेचे बीज. ज्या प्रेक्षकांनी अर्धवटरावावर लोभ केला, त्यांचीच मुले तात्या विंचूला भ्याली. दोन्ही बाहुल्याच. एकीचा बोलविता धनी शेजारी बसलेला आहे, दुसरीचा दिसेनासा झाला आहे. बोलणाऱ्या बाहुलीची भीती वाटण्याचे कारण तिच्या चेहऱ्याहून अधिक या अदृश्यतेत असावे.

उपनगरांतील लोकांना हलत्या देहांची सवय लावणारी आणखी एक परंपरा म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवातील हलते देखावे. लाकडी सांगाडा, वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा मुखवटा, आत विजेची लहान मोटर आणि अक्षाबाहेर बसविलेली चकती. चकती फिरली की हात वर-खाली होतो किंवा मान वळते, आणि ध्वनिमुद्रित निवेदन कथा सांगते. गिरगाव-लालबागप्रमाणेच उपनगरांतील मंडळांनीही हे देखावे उभारले. त्यांतील शिवाजी महाराज किंवा तुकोबा बोलताना ओठ हालवीत नाहीत, आणि त्याबद्दल तक्रार कोणीही करीत नाही. मध्ये बांबूचे कठडे असतात. कठड्याच्या आतील जग पाहावयाचे आहे, त्याच्याशी बोलावयाचे नाही, हा संकेत लहान मुलालाही कळतो.

संवादी यंत्राने हा कठडा काढून टाकला. मग यंत्राचा आकार कशावरून ठरवावयाचा? पवईच्या अभिकल्प केंद्रात जो विचार प्रथम रुजला, त्याचे एक मूळ जर्मनीतील उल्म येथील विद्यालयात होते. केंद्राच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा वाटा आहे ते सुधाकर नाडकर्णी हे तेथे शिकलेले होते. उल्मचा आग्रह असा की, वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून, घडणीतून आणि वापरणाऱ्याच्या गरजेतून निघाला पाहिजे. वरून चिकटविलेली शोभा नको. पाण्याचा तांब्या, मोजपट्टी, रेडिओ यांच्या बाबतीत हे सूत्र उत्तम लागू पडते. परंतु जे यंत्र माणसाशी बोलावे म्हणूनच घडविले आहे त्याचा उपयोग कोणता? माणसाला त्याच्याशी बोलावेसे वाटणे, हाच. म्हणजे जे एरवी शोभा म्हणून वगळले असते, ते येथे उपयोगाचाच भाग ठरते. भुवईचा बाक हे अलंकरण राहत नाही, ते यंत्राचे अवजार होते. उल्मचे सूत्र येथे खोटे पडते असे नव्हे, मात्र ते स्वतःभोवती फिरू लागते. आणि रचनाकाराला दुसरीकडून मर्यादा शोधावी लागते.

ही मर्यादा १९७० साली जपानमधील मासाहिरो मोरी यांनी एका लहानशा लेखात दाखविली होती. यंत्राचे रूप माणसाच्या जवळ जाऊ लागले की आपुलकी वाढते. पण ते अगदी जवळ आले, परंतु पुरते पोहोचले नाही, की आपुलकी एकदम ओसरून तिच्या जागी शिसारी येते. मोरींनी या उतारास दरीची उपमा दिली. त्यांचे उदाहरण कृत्रिम हाताचे आहे : दिसावयास हुबेहूब, पण हातात घेतल्यावर थंड आणि मऊपणा नसलेला. त्यांचा सल्ला व्यवहारी होता. दरीपलीकडच्या शिखराचा हव्यास धरू नये. अलीकडच्या शिखरावर थांबावे. मोरींचा लेख प्रयोगांवर आधारलेला नव्हता आणि त्यातील वक्ररेषा ही मोजमापांतून निघालेली नाही, हे पुढील अभ्यासकांनी योग्यच दाखविले. परंतु हा सल्ला मानावा की झुगारावा, हा प्रश्न पवईतील तिन्ही आकृतींच्या मुळाशी आहे.

सोफियाच्या निर्मात्यांनी तो झुगारला. हाँगकाँग येथील हॅन्सन रोबोटिक्स या संस्थेने २०१६ मध्ये ती लोकांपुढे आणली. ऑड्री हेपबर्न या अभिनेत्रीच्या चेहऱ्याचा आधार तिच्या मुखास घेतला होता, आणि त्वचेसाठी सुरकुत्या पडू शकतील असे लवचीक द्रव्य वापरले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने तिला नागरिकत्व जाहीर केले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० डिसेंबर २०१७ रोजी, पवईच्या संस्थेतील ‘टेकफेस्ट’ या विद्यार्थ्यांच्या वार्षिक महोत्सवात ती आली. तिला साडी नेसविली होती आणि तिने सभेला नमस्ते केले. या साडीची वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली, पण ती बहुधा पाहुणचाराच्या अंगाने. देहरचनेच्या अंगाने पाहता साडीने येथे निराळेच काम केले. सोफियाला त्या वेळी चालते पाय नव्हते. पाय जोडून तिला चालविण्याचा प्रयोग पुढच्या महिन्यात अमेरिकेत दाखविण्यात आला. साडीचा घोळ जमिनीपर्यंत गेला की खाली पाय आहेत असे पाहणारा गृहीतच धरतो. मस्तकाचा मागील भाग मात्र पारदर्शक ठेवलेला होता आणि आतील यंत्रणा उघडी दिसत होती. म्हणजे एकाच देहाने दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या : समोरून ‘मी बाई आहे’, आणि मागून ‘मी यंत्र आहे’. सभागृहात प्रेक्षक समोर बसतात.

त्या संभाषणात मध्येच एक प्रसंग घडला. जगापुढे इतक्या समस्या असताना यंत्रमानवांवर एवढा पैसा खर्च करणे योग्य काय, अशा आशयाचा प्रश्न आल्यावर ती गप्प झाली आणि तांत्रिक बिघाडामुळे काही वेळ संभाषण थांबले, असे त्या वेळच्या वृत्तांतून दिसते. यंत्र बंद पडणे ही नवलाची गोष्ट नाही. नवल असे की, त्या मौनाला लोकांनी अर्थ दिला. अडचणीचा प्रश्न आल्यावर माणूस गप्प होतो तसाच तो मानला गेला. रेल्वेच्या डब्यातील आवाज बंद पडला तर ‘यंत्र बिघडले’ असे म्हणतात. सोफिया थांबली तेव्हा ‘ती निरुत्तर झाली’ असे म्हटले गेले. तिच्या भाषणांचा काही भाग आधी लिहिलेला असतो, ही गोष्ट तिच्या निर्मात्यांनी लपविलेली नाही. परंतु अर्धवटरावाचा धनी जसा शेजारी बसलेला असतो, तसा येथे कोणी दिसत नव्हता. आणि चेहऱ्याने दिलेले आश्वासन मौनालाही पुरून उरले.

दुसरी आकृती याच परिसरात, प्रयोगशाळेबाहेर घडली. पवईच्या संस्थेच्या आवारातील केंद्रीय विद्यालयात संगणकशास्त्र शिकविणारे दिनेश पटेल यांनी सुमारे तीन वर्षे खपून ‘शालू’ तयार केली. २०२१ च्या प्रारंभी तिची वार्ता सर्वत्र पसरली. खर्च सुमारे ५०,००० रुपये. साहित्य म्हणजे प्लॅस्टिक, पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनियम, आणि चेहऱ्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस. नऊ भारतीय आणि ३८ परदेशी अशा एकूण ४७ भाषांत ती बोलू शकते असे तिच्या निर्मात्याने सांगितले. २०१० च्या ‘रोबोट’ या रजनीकांत यांच्या चित्रपटापासून प्रेरणा मिळाली असे त्यांनी नमूद केले, आणि सोफियाचे उदाहरणही त्यांच्यापुढे होते. (‘शालू’ हे येथे मुलीचे नाव आहे, तथापि मराठी कानाला ते लग्नातील भरजरी वस्त्राचेही वाटते. सोफियाला साडी वरून नेसविली, हिच्या नावातच ती आली, हा योगायोग गमतीचा खरा.)

शालूची तुलना सोफियाशी करून उणे-अधिक ठरविणे अन्यायाचे होईल. तिची खरी सोयरीक गणेशोत्सवातील देखाव्यांशी आहे. तोच मुखवटा, तीच काटकसर, घरी बसून जमेल तसे जोडण्याची तीच वृत्ती. फरक एवढाच की, देखाव्यातील आकृतीला एकच वाक्य येते आणि हिला प्रश्न विचारता येतो. येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. शालूच्या ठिकाणी बोलण्याची शक्ती प्रगत आहे, कारण भाषा ओळखण्याच्या व बोलण्याच्या तयार सोयी आता कोणासही स्वस्तात उपलब्ध होतात. देह मात्र हाताने घडवावा लागतो, आणि त्यास स्वस्त असा तयार पर्याय नाही. पूर्वीच्या बाहुलीकारांची अडचण नेमकी उलट होती. त्यांना देह घडविता येई, वाचा देता येत नसे. म्हणून तर शब्दभ्रमकार लागे. एका शतकाच्या आत हे पारडे फिरले. आज देह हाच महाग आणि अवघड भाग झाला आहे, आणि ज्याच्याजवळ साधन थोडे त्याच्या यंत्रात वाणी देहाच्या फार पुढे निघून जाते. पुठ्ठ्याच्या ओठांतून ४७ भाषा निघाल्या की पाहणारा थक्क होतो, पण त्याचबरोबर त्याला काहीतरी जुळत नाही असेही जाणवते. शिक्षकाने वर्गात ठेवण्यासाठी केलेल्या यंत्रात ही न्यूनता फारशी बाधत नाही. मुखवट्याचा जोड दिसत असला की मुले त्याच्या आत काय आहे हे विचारतात, आणि शिक्षकाला तेच हवे असते.

सोफिया आणि शालू या दोन्ही स्त्रिया आहेत, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने बंगळूर येथे दाखविलेली व्योममित्रा हीही स्त्रीरूपच आहे. तिलाही पाय नाहीत आणि तिचे वर्णन अर्धमानवाकृती असेच करण्यात आले. २०१९ मध्ये केरळ पोलिसांनी तिरुवनंतपुरमच्या मुख्यालयात स्वागतकक्षासाठी जे यंत्र ठेवले त्यास उपनिरीक्षकाचा दर्जा दिला, आणि रूप स्त्रीचे. याउलट जून २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, पुणे स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाने प्रवाशांचे तापमान पाहण्यासाठी व पहाऱ्यासाठी जे यंत्र आणले त्याचे नाव ‘कॅप्टन अर्जुन’. चाकांवर चालणाऱ्या त्या यंत्राच्या आकारात पुरुषाचे असे फार थोडे होते. नाव मात्र योद्ध्याचे. सांगणे, शिकविणे, स्वागत करणे हे स्त्रीदेहाकडे आणि पहारा पुरुषनामाकडे, ही वाटणी ‘समरांगणसूत्रधारा’तील दिव्यात तेल घालणारी बाहुली आणि शस्त्रधारी द्वारपाल यांच्या वाटणीहून फारशी दूर गेलेली नाही. तंत्राने या वाटणीची सक्ती केलेली नाही. मोटरीला लिंग नसते. घडविणाऱ्याला देहाची निवड मोकळी असताना त्याचा हात जुन्याच साच्याकडे वळतो, याचा अर्थ साचा यंत्रात नव्हे, तर यंत्राकडून कोणत्या प्रकारची सेवा हवी या समजुतीत आहे. मूळ चेक शब्दातील वेठ येथे मागच्या दाराने परत येते.

तिसरी आकृती या दोहोंहून अगदी वेगळ्या वाटेने गेली. पवईच्या संस्थेत शिकलेल्या तिघांनी २०१५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या इमोटिक्स या संस्थेने २०१७ मध्ये ‘मिको’ हा मुलांचा सोबती यंत्र म्हणून बाजारात आणला. २०२१ मध्ये ‘मिको ३’ आणि पुढे ‘मिको मिनी’ हे त्याचे नवे अवतार आले. मिकोला हात नाहीत, पाय नाहीत, केस नाहीत, नाक नाही. टेबलावर मावेल एवढे बुटके गोलसर अंग, खाली चाके, आणि चेहऱ्याच्या जागी एक पडदा. त्या पडद्यावर दोन डोळे रेखलेले. डोळे मिटतात, मोठे होतात, आनंदाने अर्धे झाकतात. एवढ्यावर पाच ते दहा वर्षांचे मूल त्याच्याशी बोलू लागते.

हा अपुरेपणा नाइलाजाचा नव्हे. हात दिला की मूल त्याच्या हातात वस्तू देणार, आणि ती खाली पडणार. पाय दिले की जिना चढण्याची अपेक्षा धरणार. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ हे यंत्र घडविताना हाच विचार वेगळ्या मार्गाने केला होता. मांजर किंवा कुत्रा बनविला तर लोक खऱ्या प्राण्याशी त्याची तुलना करतात आणि निराश होतात. म्हणून त्यांनी सीलचे पिल्लू निवडले, कारण ते बहुतेकांनी कधी हाताळलेले नसते. शिबाता यांनी अपरिचित देह घेतला, मिकोच्या रचनाकारांनी अपुरा देह घेतला. दोघांनीही मोरींचा सल्ला मानला असे म्हणता येईल. मराठी प्रेक्षकाला मात्र ही युक्ती पूर्वीपासून परिचित होती. अर्धवटरावाने ती नावातच धारण केली होती.

तरीही मिकोच्या देहात एक आश्वासन असे उरले आहे, ज्याची तपासणी व्हावयास हवी. ते आश्वासन डोळ्यांचे. पडद्यावरील डोळे हे चित्र आहेत. त्यांनी काही दिसत नाही. यंत्राला जे दिसते ते वेगळ्याच ठिकाणी बसविलेल्या कॅमेऱ्यातून. मुलाच्या समजुतीप्रमाणे डोळे मिटले की मिको पाहत नाही, कारण आईने डोळे मिटले की ती पाहत नाही. चित्रातील पापणी आणि कॅमेऱ्याचे भिंग यांचा मात्र परस्परांशी काहीच बांधलेला संबंध असण्याचे कारण नाही. एक सूचना करते, दुसरे नोंद करते. सोफियाच्या साडीने नसलेले पाय सुचविले. त्याने कोणाचे नुकसान झाले नाही. येथे देहाचा जो अवयव बोलका आहे तो पाहत नाही, आणि जो पाहतो तो मुका आहे. घराच्या आत, मुलाच्या खोलीत ठेवावयाच्या यंत्रात हे अंतर केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. पापणी मिटली की भिंगावरही झाकण पडावे, एवढी साधी यांत्रिक जोडणी अशा यंत्रांच्या रचनेचा नियम का होऊ नये, हे समजणे कठीण आहे. चकती आणि दोरा यांनी बाहुलीचे ओठ जबड्याशी बांधणाऱ्या कारागिरांना ही जोडणी अवघड वाटली नसती.

तिन्ही आकृतींचा विचार करताना मराठी व्याकरणाची एक सोय नजरेस येते. सोफियाविषयी लिहिताना मराठी वृत्तपत्रांनी ‘ती’ लिहिले; शालूही ‘ती’. ‘यंत्रमानव’ हा शब्द पुल्लिंगी असल्याने मिकोस बहुधा ‘तो’ म्हटले जाते, आणि वरील विवेचनातही तसेच झाले आहे. हिंदी लेखकाला यापलीकडे जाता येत नाही, कारण त्याच्या भाषेत दोनच लिंगे आहेत. मराठीत नपुंसकलिंग आहे; आणि ते केवळ निर्जीव वस्तूंसाठी राखलेले नाही. पोर, बाळ, पिल्लू, वासरू, कोकरू, पाखरू ही सारी ‘ते’ आहेत. जे जिवंत आहे, जवळचे आहे, पण ज्याकडून अद्याप पुरत्या बाईची किंवा पुरत्या पुरुषाची अपेक्षा नाही, त्याला मराठी ‘ते’ म्हणते. शिबातांचे सीलचे पिल्लू आणि हात नसलेला मिको यांचे देह ज्या जागेसाठी घडविले गेले, ती जागा या सर्वनामाने आधीच मोकळी ठेवलेली आहे. मिको ज्या मराठी घरांत गेला तेथील मुले त्याला कोणत्या लिंगाने बोलावतात, याची नोंद अजून कोणी केलेली नाही. भाषाशास्त्राच्या आणि अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन ती करणे पवईत तरी कठीण पडू नये.